मजेसाठी वाचायचंय, पण सुरुवात कुठून करू? मराठवाड्यातल्या नव्या वाचकासाठी

“पूर्वी लई वाचायचो, आता टाइमच भेटत नाही.” पुस्तकांचा विषय निघाला की आपल्याकडे जो तो हेच म्हणतो. खोटं कुणी बोलत नाही. पण या तक्रारीत क्रम उलटा आहे, असं माझं मत आहे. दवाखान्यात नंबर यायला अर्धा तास असतो, तहसीलमध्ये साहेब जेवायला गेलेले असतात, गाडी क्रॉसिंगला थांबलेली असते. वेळ पडून असतो. फक्त त्या वेळी खिशात फोन असतो आणि पिशवीत पुस्तक नसतं. मोठ्या शहरात येता-जाता पुस्तकाचं दुकान लागतं. आपल्या तालुक्याच्या गावातल्या बुक डेपोत गाईड, वह्या आणि स्पर्धा परीक्षेचे ठोकळे मिळतात. कथासंग्रह मागितला तर दुकानदार आधी आपल्याकडे नीट बघून घेतो आणि मग म्हणतो, “ऑर्डर द्यावी लागंल.” म्हणून इथे आधी पुस्तकं मिळवण्याची सोय सांगतो, वेळेचं नंतर.

ज्यांनी शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक बारावीचं किंवा पदवीचं होतं, आणि आता कुणी मार्क देणार नसताना काहीतरी वाचावंसं वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. अट्टल वाचकांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांना यात नवीन फार नाही.

आधी हे जमवून ठेवा

- आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- भाड्याने राहत असाल तर भाडेकरार किंवा लाइट बिल
- वाचनालयाची अनामत आणि वर्गणी (रक्कम गावागणिक वेगळी असते, आधी विचारून घ्या)
- काही ठिकाणी जुन्या सभासदाची सही लागते, तेव्हा एखादा ओळखीचा सभासद
- एक छोटी वही
- कापडी पिशवी. पावसाळ्यात तिच्या आत प्लास्टिकची
- चाळिशी ओलांडली असेल तर जवळचा चष्मा. याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण अनेकांचं घोडं नेमकं इथंच अडलेलं असतं.

१. गावातलं सार्वजनिक वाचनालय गाठा

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ वर्गात पुस्तकं आणि सोयी जास्त, ड वर्गात कमी. तुमच्या भागात कोणतं वाचनालय आहे हे फोनच्या नकाशावर शोधत बसू नका, तिथे ‘लायब्ररी’ म्हणून निम्म्या खासगी अभ्यासिकाच निघतात. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचं कार्यालय असतं, तिथे मान्यताप्राप्त वाचनालयांची माहिती मिळते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे गावातल्या निवृत्त मराठीच्या सरांना विचारणं. ते नुसता पत्ता देत नाहीत, सोबत येतात.

जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यांची चैन आहे. संभाजीनगरात शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, औरंगपुऱ्यात बळवंत वाचनालय आहे. परभणीचं गणेश वाचनालय शंभरी ओलांडलेलं. निजामाच्या राज्यात सभांवर बंधनं होती, तेव्हा मराठी माणसाला चारचौघांत बसून बोलायला ज्या थोड्या जागा उरल्या होत्या त्यांत वाचनालयं होती. आपल्याकडची काही वाचनालयं त्या काळापासून उभी आहेत, आणि त्यांच्या कपाटात उर्दू पुस्तकंही सापडतात.

वाचनालयं बहुधा सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडी असतात, मधे बंद. ऑफिसातून दुपारी सुटून गेलात तर कुलूप दिसेल. वेळ आणि साप्ताहिक सुट्टी एकदा विचारून वहीत लिहून ठेवा.

सभासद होताना विचारायच्या गोष्टी: अनामत परत कशी मिळते, एका वेळी पुस्तकं किती देतात, किती दिवस ठेवता येतात, उशीर झाला तर दंड किती, आणि फोनवरून मुदत वाढवून मिळते का. अनामतीची पावती जपा. बदलीची नोकरी असणाऱ्यांनी तिचा फोटो काढून ठेवावा, कारण गाव सोडताना तीच मागतात आणि नेमकी तीच सापडत नाही.

एक नेहमीचा घोटाळा. ‘मोफत वाचनालय’ अशी पाटी असली तरी तिथे बसून वर्तमानपत्रं वाचणं तेवढं मोफत असू शकतं. पुस्तक घरी न्यायला सभासदच व्हावं लागतं. पाटी वाचून आत जाऊन वाद घालू नका.

२. अभ्यासिका ओलांडून कपाटापर्यंत जा

आत शिरलात की बहुतेक ठिकाणी आधी दिसतात ती टेबलाला टेबल लावून बसलेली एमपीएससी आणि पोलीस भरतीची पोरं. प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, हायलाइटर, खुर्चीवर अडकवलेली बॅग. कुणी मान वर करत नाही. नवखा माणूस इथूनच मागे फिरतो. आपण चुकीच्या जागी आलो, असं त्याला वाटतं. तुम्ही सरळ आत जा. पुस्तकांची कपाटं मागच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर असतात. लोखंडी कपाट, काचेची दारं, उघडलं की डांबरगोळ्यांचा वास, आणि किल्ली शिपाईमामांच्या खिशात.

काही ठिकाणी कपाट स्वतः चाळू देतात. काही ठिकाणी यादी बघून चिठ्ठीवर दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयाने त्या पुस्तकाला दिलेला नंबर, लिहून द्यावा लागतो. ही चिठ्ठीची पद्धत नव्या वाचकाची सत्त्वपरीक्षा आहे, कारण काय मागायचं हेच त्याला ठाऊक नसतं. गर्दी नसलेली वेळ बघून जा आणि सांगा, “मामा, जरा कपाट उघडता का, पाच मिनिटं नुसतं बघतो.” सहसा कुणी नाही म्हणत नाही. उलट कुणीतरी कादंबऱ्यांचं कपाट उघडायला लावतंय याचं त्यांनाही बरं वाटतं.

मोठ्या ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीवर आकडे चिकटवलेले असतात. दशांश वर्गीकरणाच्या पद्धतीत ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, त्यात ८९१.४६१ कविता, ८९१.४६२ नाटक, ८९१.४६३ कथा-कादंबरी. एवढे आकडे वहीत लिहून नेले की कुणालाही न विचारता नेमक्या फळीसमोर उभं राहता येतं. लहान वाचनालयात ‘कादंबरी’, ‘चरित्र’, ‘प्रवास’ अशा साध्या पट्ट्या असतात.

पुस्तक हातात आलं की मागचं पान उघडा. तिथे तारखांचा कागद चिकटवलेला असतो. शिक्के एकावर एक दाटीने पडलेले असतील तर ते पुस्तक गावाने वाचलंय, आणि नव्या वाचकाला याच्याइतकी खात्रीची शिफारस दुसरी नाही. कागद कोरा असेल तर पुस्तक टाकाऊ, असंही समजू नका. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून वाचनालयांना पुस्तकं येतात, त्यांवर तसा शिक्का असतो. त्या गठ्ठ्यात कुणी हात न लावलेलं एखादं झकास पुस्तक निघतं. समासातल्या पेन्सिलीच्या शेऱ्यांकडे मात्र बघू नका. रहस्यकथेच्या विसाव्या पानावर एका नावाखाली रेघ ओढून ‘हाच!’ असं लिहून ठेवणारा परोपकारी वाचक प्रत्येक गावात असतो.

३. पहिलं पुस्तक बारीक घ्या

दीडशे पानांच्या आतलं. कथासंग्रह, व्यक्तिचित्रं, ललित लेख, प्रवासवर्णन, यांतलं काहीही. हजार पानांच्या ऐतिहासिक कादंबरीकडे सध्या बघू नका. “ते वाचलं नाही म्हणजे काय वाचलं?” म्हणणारे भेटतील. मान डोलवा आणि आपलं बारीक पुस्तक पिशवीत टाका.

श्रीमंत कसं व्हावं, सकाळी चारला कसं उठावं, अशी पुस्तकं सगळ्यात पुढच्या फळीवर असतात. घ्यायची तर घ्या, पण मजेच्या खात्यात धरू नका. ती वाचताना माणूस पुन्हा विद्यार्थी होतो, अधोरेखा मारायला लागतो, आणि आठव्या दिवशी पुस्तक उशाखाली जातं.

निवड करायची साधी रीत: कपाटासमोर उभ्यानेच तीन पानं वाचा. चौथं उलटावंसं वाटलं तर घ्या. दोन पुस्तकं मिळत असतील तर एक गोष्टींचं आणि एक अगदी वेगळ्या चवीचं घ्या, म्हणजे एक अडलं तरी हात रिकामा राहत नाही. आणि आपल्याच भागातल्या लेखकांची पुस्तकं आवर्जून मागा. वावर, धुरा, सालगडी, दुष्काळातले टँकर हे सगळं आपल्या बोलीत छापलेलं वाचताना पहिल्या दोन पानांतलं परकेपण राहत नाही. पुस्तकी मराठीची सवय तुटलेल्याला ही वाट सोपी जाते.

४. तुमच्या दिवसातला पडीक वेळ ओळखा

हिशोब आधी करून टाकू. सवय नसलेल्याला एका पानाला दीड-दोन मिनिटं लागतात. रोज पंधरा मिनिटं म्हणजे आठ-दहा पानं, म्हणजे दीडशे पानांचं पुस्तक पंधरा-वीस दिवसांत. वाचनालयाच्या मुदतीत किंवा एकदा मुदत वाढवून आरामात बसतं. यापेक्षा जास्त ठरवू नका. ‘वर्षात बावन्न पुस्तकं’ वगैरे संकल्प करणारे जानेवारीत चहाच्या कपासोबत फोटो टाकतात आणि होळीपर्यंत गप्प होतात.

आता पंधरा मिनिटं आणायची कुठून, हे ज्याच्या त्याच्या धंद्यावर आहे.

रेल्वेने अप-डाऊन करणारे भाग्यवान. मनमाड-परभणी मार्ग अजून बहुतांशी एकेरी आहे, त्यामुळे मानवत रोड किंवा परतूरला गाडी क्रॉसिंगसाठी उभी राहते तो वेळ आयता मिळतो. फक्त पत्त्यांच्या अड्ड्याशेजारी बसू नका. चौथा भिडू कमी पडला की ते तुम्हालाच ओढतात आणि नाही म्हणवत नाही.

एसटीवाल्यांचं वेगळं आहे. चालत्या बसमध्ये पान वाचलं की अनेकांना मळमळतं, कारण डोळ्यांपुढचं पान स्थिर असतं आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग ‘आपण हलतोय’ असं सांगत असतो. आपल्या रस्त्यांवर तर विचारूच नका. बीड शहराला रेल्वे आली तीच २०२५ साली, तोवर त्या भागातल्यांना बसशिवाय पर्याय नव्हता. बसमध्ये ऐका. स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी पुस्तकं वाचून दाखवलेली आहेत. वर्गणी द्यावी लागते. ऐकणं म्हणजे खरं वाचन नाही असं नाक मुरडणारे असतात, त्यांना परळी-गेवराई रस्त्यावर पुस्तक घेऊन बसवा.

शेतकऱ्याने रोजचा नेम धरूच नये. मृगाच्या पेरणीत, सोयाबीन काढणीत, कापूस वेचणीत पुस्तक उघडलं नाही म्हणून मनाला लावून घेण्यात अर्थ नाही. तुमचं वर्ष हंगामाने चालतं, वाचनही हंगामाने चालू द्या. एप्रिल-मेची दुपार हा खरा वाचनाचा मोसम. बाहेर ऊन चाळिशीपार, बाजेवर पडून राहण्याशिवाय काम नाही. रात्रीच्या पाळीची लाइट असली आणि ठिबक असलं तर मोटार सुरू करून बसण्याचा वेळही हाताशी असतो. डोक्याला लावायची बॅटरी असली की हात मोकळे राहतात. पायाखाली मात्र आधी उजेड पाडून बघा, मग बसा.

घर सांभाळणाऱ्या बायकांना “दुपारी तर मोकळीच असते ना” असं सगळे म्हणतात, आणि ते खरं नसतं. त्या दुपारी गॅसवाला येतो, भाजी निवडायची असते, कुणाचा तरी फोन येतो. माझ्या ओळखीतल्या एक काकू कुकर लावला की पुस्तक उघडतात आणि तिसऱ्या शिट्टीला बंद करतात. पुस्तक त्यांनी मिसळणाच्या डब्याशेजारीच ठेवलेलं असतं. वाचनालयाचं पुस्तक असेल तर वर्तमानपत्राचं कव्हर घालतात, हळदीचे डाग पडू नयेत म्हणून.

झोपण्याआधीची वेळ सगळे सुचवतात. मला ती तितकीशी पटत नाही. दिवसभर राबलेला माणूस दोन पानांत घोरायला लागतो आणि दुसऱ्या रात्री तीच दोन पानं पुन्हा वाचतो. झोप यावी म्हणून वाचायचं असेल तर ठीक.

५. फोनचं काय करायचं

फोन टाकून द्या असा उपदेश करत नाही; त्यावर पोटाचे व्यवहार चालतात. एवढंच करा: वाचायच्या पंधरा मिनिटांत तो दुसऱ्या खोलीत, चार्जिंगला. उशाला उलटा ठेवलेला फोनही बोलावतो. व्हॉट्सॲपच्या ‘वाचनप्रेमी’ ग्रुपमध्ये शिरण्याची घाई करू नका. तिथे सुप्रभात जास्त आणि पुस्तकं कमी असतात.

६. डोळे तपासून घ्या

हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळची अक्षरं पुसट दिसतात. हे हळूहळू होतं, त्यामुळे माणसाला वाटतं की आपलं वाचनावरून मन उडालं. दहा मिनिटांत डोकं जड होतं, पुस्तक लांब धरावं लागतं, मग ते खाली ठेवलं जातं. अशा वेळी चष्म्याचा नंबर काढून घ्या. रस्त्यावरचा तयार चष्मा कामचलाऊ म्हणून चालेल, पण दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असतोच असं नाही, म्हणून तपासणी बरी. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर टाळूच नये.

दिवा डोक्यामागून किंवा बाजूने पानावर पडावा. ओसरीत सकाळचा उजेड सर्वांत चांगला.

७. आवडलं नाही तर परत करा

तीस-चाळीस पानं वाचून पुढे जावंसं वाटत नसेल तर पुस्तक बंद. ताटात टाकू नये ही शिकवण इथे लागू नाही. अर्धवट पुस्तक घरात पडलं की ते दिसेल तेव्हा टोचतं, आणि त्या टोचणीपायी दुसरंही उघडलं जात नाही. मुदत संपायची वाट न बघता बदलून आणा. वहीत नाव तेवढं लिहा. काही पुस्तकं पाच वर्षांनी पुन्हा घेतली की आवडतात.

८. घरच्यांना सवय होऊ द्या

“रिकामा बसलाय तर जरा चक्कीवरून दळण आण.” पुस्तक घेऊन बसलेला माणूस आपल्याकडे रिकामाच समजला जातो. वाद घालू नका. दळण टाका, पुस्तक घेऊन जा, चक्कीवर नंबर लागेपर्यंत वाचा. घरात लहान पोरं असतील तर त्यांच्याही नावाने बाल विभागाचं सभासदत्व घ्या. वाचनालयाची चक्कर मग सगळ्यांची होते. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. मोठ्यांनीही बघावेत. पुस्तकी भाषेचा धाक बसलेल्याला तिथून सुरुवात करायला काहीच लाज नाही.

९. विकत आणि फुकट

पहिले काही महिने विकत घेऊ नका. आपल्याला काय आवडतं हे वाचनालयाच्या खर्चाने कळू द्या. मग ग्रंथोत्सवाची वाट बघा. जिल्ह्याच्या ठिकाणी तो भरतो, प्रकाशकांची दालनं लागतात आणि सूट मिळते. साहित्य संमेलन काही दर वर्षी आपल्याकडे येत नाही, पण २०२० मध्ये धाराशिवला आणि २०२२ मध्ये उदगीरला आलं होतं तेव्हा लोकांनी पिशव्या भरभरून पुस्तकं नेली. स्वस्तात हवं असेल तर नॅशनल बुक ट्रस्ट आणि साहित्य अकादमीची मराठी पुस्तकं बघा. इतर भाषांतल्या चांगल्या कथा तिथे मराठीत मिळतात.

फुकटात: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. लेखकाच्या निधनाला साठ वर्षं उलटली की आपल्या कायद्याप्रमाणे पुस्तक सर्वांसाठी मोकळं होतं, त्यामुळे जुनं मराठी साहित्य विकिस्रोत या मोफत संकेतस्थळावर वाचता येतं. पण टेलिग्रामवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफ चोरीच्या असतात. शिवाय पाचशे पीडीएफ साठवलेल्या माणसाने त्यातली एकही उघडलेली नसते, हे आजूबाजूला बघून कुणालाही कळेल.

पुस्तक उसनं देताना वहीत नाव आणि तारीख लिहा, घेणाऱ्याच्या समोर. भावकी बिघडत नाही, पुस्तक परत येतं.

१०. जमलंच नाही तर दिवाळी अंकापासून सुरू करा

वरचं सगळं जड वाटत असेल तर ही सोपी वाट. १९०९ पासून मराठीत दिवाळी अंक निघतात. एका अंकात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं, आणि राशिभविष्यही. कुठलंही पान उघडा, आवडलं तर वाचा, नाही तर पुढे. अनेक वाचनालयं दिवाळी अंकांची वेगळी योजना काढतात: एकदा वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. नाव दसऱ्याच्या सुमारास नोंदवा. दिवाळीनंतरचे पहिले दोन आठवडे नव्या अंकांवर उड्या पडतात आणि हवा तो मिळत नाही. जानेवारीनंतर गर्दी ओसरते, मग एका वेळी दोन-दोन अंकही देतात. वर्ष संपल्यावर काही वाचनालयं जुने अंक अगदी कमी किमतीत काढून टाकतात. ते कधी निघणार हे शिपाईमामांना आधीच विचारून ठेवा.